हेलिकॉइल की रिव्हेट नट? चेसिसचे आटे गेले की आधी जाडी मोजा

ट्रकच्या फ्रेमवरचा बोल्ट आवळताय, पाना छान जड लागतोय आणि एकदम हलका होतो, बोल्ट नुसता गरगर फिरतो. बाहेर काढला की बोल्टच्या आट्यांत स्टीलची केसासारखी बारीक गुंडाळी अडकलेली दिसते. आटे गेले. इथपर्यंत सगळ्यांचं सेम असतं, मग शेजारी उभा असलेला कुणीतरी हमखास म्हणतो, 'अरे इन्सर्ट टाक ना.' इन्सर्ट म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे देणारा तुकडा, अरे पण कुठलं इन्सर्ट? हेलिकॉइलही इन्सर्ट आणि रिव्हेट नटही इन्सर्ट, आणि लोक दोन्ही नावं अशी वापरतात जणू किटमध्ये जे हाताला लागेल ते चालेल. नाही चालत.

हेलिकॉइल तुम्ही कधीतरी बसवलेलं असणार म्हणून लांबण लावत नाही. भोक मोठं करायचं, आटे पाडायचे, स्टेनलेस तारेची गुंडाळी फिरवत आत घालायची, तळाची शेपटी तोडून टाकायची, झालं. फक्त एक, एम १० × १.५ (१० मिमी व्यास, दोन आट्यांतलं अंतर म्हणजे पिच १.५ मिमी) च्या हेलिकॉइलचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, वेगळा असतो, त्याचा बाहेरचा व्यास जवळजवळ १२ मिमी, तो बघून काही शहाणे एम १२ चा साधा टॅप मारतात. त्याचा पिच १.७५, गुंडाळीचा १.५. कसं बसणार?

रिव्हेट नट म्हणजे कॉलर असलेली छोटी नळी, आटे तिच्या पलीकडच्या टोकाला. भोकात घालायची, टूलने ओढायची, मधला आटे नसलेला भाग पत्र्याच्या मागे फुगतो आणि कॉलर नि फुगवटा यांच्यात पत्रा चिमटला जातो. टूल वेगळं, भोकाचं माप वेगळं, हे फरक पाकीट वाचलं तरी कळतात, त्यात वेळ घालवत नाही.

खरा घोळ जाडीचा आहे. हेलिकॉइल धरतं ते भोकाच्या भिंतीला, म्हणजे त्याला खोली लागते. गुंडाळ्या मिळतात त्याच बोल्टच्या व्यासाच्या एकपट, दीडपट, दुप्पट लांबीच्या, म्हणजे एम १० ला कमीत कमी १० मिमी आणि नेहमी वापरतात ती दीडपटवाली १५ मिमी. आता कॅलिपर घ्या आणि फ्रेमच्या चॅनलची, म्हणजे इंग्रजी C आकाराच्या लांब तुळईची, जाडी मोजा. मोठ्या ट्रकला सहा ते नऊ मिमीच्या आसपास निघेल, पिकअपला त्याहून कमी. सहा मिमीत १.५ पिचचे आटे बसतात चार, त्यातले पहिला नि शेवटचा अर्धवट. आणि हे बघा, एम १० चा साधा नट सुद्धा आठेक मिमी उंच असतो, तो काय उगाच? तेवढे आटे असतील तर जास्त आवळल्यावर आधी बोल्ट तुटावा, आटे जाऊ नयेत, या हिशोबाने तो केलेला असतो.

मी स्वतः हा गाढवपणा केलाय. पायरीच्या ब्रॅकेटसाठी सहा मिमीच्या चॅनलमध्ये हेलिकॉइल कापून छोटं करून घातलं, आवळलं तेव्हा मस्त बसलं, म्हटलं झालं काम. थोड्या दिवसांनी ब्रॅकेट खडखडायला लागलं म्हणून बोल्ट उघडला तर अख्खी गुंडाळी बोल्टवर पेनातल्या स्प्रिंगसारखी लटकत बाहेर आली आणि भोक आधीपेक्षा मोठं.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात, पत्र्याला रिव्हेट नट ना, मग तोच घालू. तर त्याचंही उलटं दुखणं आहे, त्याला जास्तीत जास्त जाडीची मर्यादा असते, पाकिटावर लिहिलेली असते आणि कुणी वाचत नाही. साध्या एम १० ची मर्यादा साधारण तीन-साडेतीन मिमीच्या आसपास संपते. सहा-आठ मिमीच्या चॅनलमध्ये तो घातला की फुगायचा भाग भोकातच अडकतो, मागे फुगवटा येतच नाही. टूल ओढताना हाताला कळतं खरं तर, नीट बसणारा नट आधी दबत जातो आणि मग गच्च थांबतो, हा सुरुवातीपासूनच दगड. लांब पकडीचे मिळतात पण मुद्दाम शोधावे लागतात. आणि चुकीचा बसलेला पुढे बोल्टबरोबर फिरायला लागला की ड्रिलने उडवावा लागतो, त्याचं टरफल बंद फ्रेमच्या आत पडतं आणि प्रत्येक खड्ड्याला खुळखुळतं.

थोडक्यात, मोठ्या ट्रकची मुख्य फ्रेम हेलिकॉइलला पातळ आणि साध्या रिव्हेट नटला जाड. हेलिकॉइल जाड ओतीव ब्रॅकेटमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये घाला, तिथे ते मूळ आट्यांपेक्षाही भारी. रिव्हेट नट वायरिंगच्या क्लिपला, मडगार्डच्या पत्र्याला, हवेच्या पाइपच्या पट्टीला. स्प्रिंगचं हँगर, स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकचं काहीही असेल तर दोन्ही नकोत.

माझं मत विचाराल तर फ्रेमवर आरपार बोल्ट, मागे वॉशर आणि नट, ग्रेड (बोल्टच्या ताकदीचा आकडा) मूळ बोल्टचाच, ८.८ असेल तर ८.८, १०.९ असेल तर १०.९. 'एक साइज वर जाऊ' म्हणत भोक वाढवू नका, आणि चॅनलच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला तर ड्रिल लावूच नका, वाकण्याचा सगळा ताण तिथेच असतो, ट्रक बनवणारेच तिथे भोक पाडायला मनाई करतात. हीट-ट्रीटमेंट केलेल्या फ्रेमवर थेट नट वेल्ड करणं पण नको, उष्णतेने तिथली ताकद जाते.

'पण मागे हात जात नाही' हे ऐकून कान किटलेत. बंद फ्रेम असेल तर जाड पट्टीचा तुकडा घ्या, त्याला बाहेर टेबलावर नट वेल्ड करा, गार होऊ द्या, नटातून बोल्ट फिरवून बघा कारण शिंतोडे उडून आटे खराब होतात, मग पट्टीला तार बांधून जवळच्या मोठ्या भोकातून आत सोडा आणि बोल्टच्या भोकातून हुकाने तार ओढून घ्या. नट समोर आला की तार ताणून धरायची, पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवायचे, इम्पॅक्ट गन लांब ठेवायची. पट्टी लांबट ठेवा, एक टोक फ्रेमच्या आतल्या भिंतीला टेकलं की ती बोल्टबरोबर फिरत नाही.