गोठा बोलू लागला त्याची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर पडदा लावून आम्ही मुलांना सिनेमे दाखवतो. परवा ‘बेब’ लावला. मेंढ्या राखायला शिकणाऱ्या डुकराच्या पिल्लाचा. सिनेमा संपल्यावर आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, “काका, त्याचं तोंड खरंच हलत होतं. कसं काय?” आणि शेजारच्या बोनकोडे गावातून नातवाला घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, “कापला नाय ना त्याला शेवटी? मग बरं.” मुलीला उत्तर देता देता लक्षात आलं की बोलत्या जनावरांच्या सिनेमांचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

आपल्याकडे गोठ्यातलं जनावर बोललं ते तेराव्या शतकात, पैठणला. कथा घरोघरी माहीत आहे. त्या रेड्याचंही नाव ग्यानाच, असं म्हणून ज्ञानदेवांना हिणवलं गेलं, रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला तर वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, आणि मग त्यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवताच रेडा वेद म्हणू लागला. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरच्या रस्त्याला लागलं की जुन्नर तालुक्यात आळे गाव येतं. तिथे या रेड्याची समाधी आहे आणि लोक आजही दर्शनाला जातात. प्रभातने १९४० साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये हा प्रसंग पडद्यावर आणला. म्हणजे बोलतं जनावर आपल्या सिनेमाला परकं नव्हतं. फक्त ते करमणुकीसाठी बोललं नाही. माझ्यात आणि तुझ्यात एकच आत्मा आहे, हे सांगण्यासाठी बोललं.

त्याहून जुना आहे पंचतंत्रातला संजीवक. हा गाडीचा बैल. वाटेत चिखलात रुतून जायबंदी झाला म्हणून व्यापाऱ्याने त्याला मागे सोडलं. पुढे तो सिंहाचा मित्र होतो, शहाणपणाच्या गोष्टी करतो आणि कोल्ह्यांच्या कारस्थानात त्याच सिंहाच्या पंजाखाली मरतो. ही कथा सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात अरबीत गेली. तिथून ती युरोपभर फिरली. संजीवकाला बोलता येतं, पण बोलण्यामुळे त्याचा जीव वाचत नाही. हे ध्यानात ठेवावं, कारण पडद्यावर नेमकी हीच गोष्ट पुढे उलटी झाली.

पडद्यावर गोठा बोलू लागला तो आधी चित्रांतून. डिस्नेच्या स्टुडिओने १९३३ साली तीन डुकरांचा छोटा कार्टूनपट काढला. ती तिन्ही दिसायला जवळजवळ सारखी, पण चालण्या-बोलण्यावरून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा कळतो. पुढच्या वर्षी एका कोंबडीच्या कार्टूनमध्ये आळशी बदक म्हणून डोनाल्ड पहिल्यांदा आला. चित्रातल्या प्राण्याचं तोंड हवं तसं हलतं. जिवंत जनावराचं काय करायचं, हा खरा पेच होता.

तो १९५० साली अमेरिकेत ‘फ्रान्सिस’ नावाच्या बोलक्या खेचराने सोडवला. दिग्दर्शक आर्थर ल्युबिन. या खेचराचे एकूण सात सिनेमे निघाले. मग त्याच ल्युबिनने १९६१मध्ये ‘मिस्टर एड’ हा बोलणारा घोडा टीव्हीवर आणला. या घोड्याच्या ओठाला शेंगदाण्याचं लोणी लावतात आणि ते चाटताना तो बोलल्यासारखा दिसतो, अशी गोष्ट अनेक वर्षं सांगितली जायची. मालिकेतला नट ॲलन यंग याने नंतर कबूल केलं की ती त्याचीच थाप होती. खरं तर ओठाखालून नायलॉनचा दोरा घेऊन तो ओढायचे. दोऱ्याने ओढतात हे लोकांना कसं सांगायचं, म्हणून त्याने लोण्याची गोष्ट रचली. मुलांच्या करमणुकीमागे जनावराला काय सोसावं लागतं, याची टोचणी तेव्हाही कुणाला तरी होती, एवढं यावरून दिसतं.

दरम्यान ई. बी. व्हाइट हा लेखक अमेरिकेच्या मेन राज्यातल्या आपल्या शेतावर डुकरं पाळत होता. त्यातलं एक कापायच्या आधीच आजारी पडलं. ज्याला आपण मारणार होतो त्यालाच वाचवण्यासाठी तो रात्रंदिवस धडपडला, आणि ते मेलंच. त्यावर त्याने १९४८ साली एक लेख लिहिला. चार वर्षांनी त्याचं ‘शार्लट्स वेब’ हे पुस्तक आलं. त्यात शार्लट नावाची मादी कोळी आपल्या जाळ्यात शब्द विणून डुकराला सुरीपासून वाचवते. त्याचा कार्टूनपट १९७३ साली निघाला आणि जिवंत प्राण्यांचा सिनेमा २००६ साली. संजीवकाला जे जमलं नाही ते इथे जमलं. शब्दांनी जीव वाचला. (ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’चा १९५४चा कार्टूनपट मात्र या रांगेत बसत नाही. तो राजकारणाचा, आणि त्याला पैसा सीआयएने पुरवला होता.)

‘बेब’ १९९५चा. मूळ पुस्तक डिक किंग-स्मिथ याचं, आणि तोही लेखक होण्याआधी वीस वर्षं शेती केलेला माणूस. गावच्या जत्रेत डुकराचं वजन ओळखायच्या खेळावरून त्याला ही गोष्ट सुचली. ‘मॅड मॅक्स’वाला जॉर्ज मिलर निर्माता, दिग्दर्शक क्रिस नूनन, चित्रीकरण ऑस्ट्रेलियात. डुकराचं पिल्लू काही आठवड्यांतच वाढतं, म्हणून एका बेबसाठी एकामागून एक ४८ पिल्लं तयार केली. सगळी एकसारखी दिसावीत म्हणून डोक्यावर केसांचा तोच झुबका लावला. काही दृश्यांत बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेतली यंत्राची डुकरं आहेत. बाकी ठिकाणी खऱ्या पिल्लाचं चित्रीकरण करून फक्त तोंड तेवढं संगणकावर नव्याने बसवलं. गच्चीवरच्या त्या मुलीला हेच सांगितलं: डोळे खरे, कान खरे, तोंड तेवढं चित्रातलं. त्या वर्षी व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करला दोनच सिनेमे होते आणि बेबने ‘अपोलो १३’ला हरवलं. शेतकऱ्याचं काम करणारा जेम्स क्रॉमवेल आधीच शाकाहारी होता, या सिनेमाच्या वेळी त्याने दूधही सोडलं.

ती तोंडं घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ या अमेरिकी स्टुडिओने पुढे मुंबईत आणि हैदराबादेतही शाखा काढल्या. आज परदेशी सिनेमांचं असं पुष्कळ काम इथली मुलं करतात. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा रोटो-पेंट, म्हणजे चित्रातून नको ते पुसण्याचं काम करतो. एकदा त्याने मला पडद्यावर बकरीच्या गळ्यातला दोर पुसताना दाखवलं. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम, प्रत्येकीत दोराभोवतीचा केस न् केस जपून. इतकी कारागिरी इथे असताना मराठीत गाय-म्हशींचा एकही मोठा बालपट निघू नये, याचं मला वाईट वाटतं. खरं जनावर वापरायचं तर २००१च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि तसं असायलाच हवं. पण संगणकावरच्या तोंडाला कुणी अडवलेलं नाही. अडलंय ते पैशावर, आणि मला वाटतं, गोठा पाहिलेला लेखक दुर्मिळ झाला त्यावरही.

तो दुर्मिळ का झाला, हे नवी मुंबईत कुणालाही ठाऊक आहे. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी शहराकडे गेल्या. १९८४च्या उरणच्या आंदोलनात माणसं गेली, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड गावकऱ्यांना परत मिळाले, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. भातशेती संपली तसे बैल, म्हशी गेल्या. बोनकोड्याच्या त्या आजींच्या घरी चार म्हशी होत्या. त्यातली चांदी नावाची म्हैस पहाटे दूध काढायला उशीर झाला तर भिंतीला शिंग घासायची आणि अनोळखी माणूस आला की कान मागे टाकायची. आजी हे सांगत होत्या तेव्हा मुलं पडदा सोडून त्यांच्याभोवती बसली होती. एकाने विचारलं, “मग ती बोलायची?” आजी म्हणाल्या, “बोलायची म्हंजे! ऐकायला कान पायजे.”

येत्या शनिवारी ‘संत ज्ञानेश्वर’ लावतोय. रेड्याचा प्रसंग येण्याआधी सिनेमा थांबवायचा आणि आजींनी चांदीची उरलेली गोष्ट सांगायची, असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय.