वेस्टमान्नाएयार : नावाची व्युत्पत्ती

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह. कायम वस्ती हेमाएय या एकाच बेटावर असून १९७३ च्या उद्रेकामुळे ते जगाला ठाऊक झाले.

नावाची फोड सरळ आहे. ‘एयार’ म्हणजे बेटे. ‘वेस्टमान्ना’ हे ‘वेस्टमेन’, म्हणजे पश्चिमेकडील माणसे, या शब्दाचे षष्ठी अनेकवचन. नॉर्स (मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन) वाङ्मयात ही संज्ञा मुख्यतः आयरिश लोकांसाठी येते. आयर्लंड आइसलँडच्या आग्नेयेस आहे; तेव्हा ही ‘पश्चिम’ नॉर्वेवरून मोजलेली असून वसाहतकऱ्यांनी ती सोबत आणली, हे उघड आहे. ‘वेस्टमाद्र’ असे व्यक्तिनामही आढळते; परंतु त्याची षष्ठी ‘वेस्टमान्स’ अशी होते, त्यामुळे समूहवाचक अर्थच ग्राह्य वाटतो. फेरो बेटांवरील वेस्टमान्ना या गावाचे नावही याच घडणीचे मानतात.

हे लोक कोण, याबद्दल मात्र वाद आहे. ‘लांडनामाबोक’ या आइसलँडच्या वसाहतवृत्तानुसार ह्योर्लेइफुर या आरंभीच्या वसाहतकऱ्याने आपल्या आयरिश गुलामांना नांगराला जुंपले; त्यांनी त्याला ठार मारून या बेटांवर आश्रय घेतला आणि त्याचा मानलेला भाऊ इंगोल्फुर याने तिथे त्यांचा वध केला. परंपरेने हा प्रसंग ८७५ च्या सुमाराचा. त्या गुलामांतील दुफ्थाकचे नाव आयरिश असून हेमाएयवरील एका कड्याशी ते जोडले जाते. मात्र या वृत्ताचे उपलब्ध पाठ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे आहेत. त्याहून जुन्या, ११२२–३३ च्या सुमारास रचलेल्या ‘ईस्लेंडिंगाबोक’ या आइसलँडच्या इतिहासात त्याचा लेखक आरी थोर्गिल्सन बेटांचे नाव देतो, गुलामांची कथा देत नाही, ह्योर्लेइफुरचाही उल्लेख नाही. कथा नावावरून रचली गेली असावी, हे मत त्यामुळे अधिक संभाव्य दिसते.

वसाहतीपूर्वीच्या आयरिश संन्याशांशी नावाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण आरी त्यांना ‘पापार’ म्हणतो, ‘वेस्टमेन’ नव्हे. हेमाएयवरील हेर्योल्फ्सदालुर येथील उत्खननात पुरातत्त्वज्ञ मार्ग्रेट हेर्मान्स-औदारदोत्तिर यांनी कार्बन-१४ च्या आधारे सातव्या शतकातील वस्ती सुचवली होती. सुमारे ८७० च्या ज्वालामुखी राखेच्या थराशी या कालनिर्णयाचा मेळ लागत नसल्याने बहुतेक पुरातत्त्वज्ञ तो स्वीकारत नाहीत. शिवाय तेथील घरांचे अवशेष नॉर्स धाटणीचे आहेत.

याच द्वीपसमूहात १९६३ मध्ये समुद्रातून वर येऊ लागलेल्या सुर्टसे बेटाला नॉर्स पुराणांतील सुर्तर या अग्निराक्षसाचे नाव देण्यात आले.