बोरिवलीचे ‘नॅशनल पार्क’ आणि कुंपणातली सफारी : पार्श्वभूमी

सुटीच्या दिवशी बोरिवलीच्या ‘नॅशनल पार्क’ला जाऊन येणाऱ्या बहुतेकांनी प्रत्यक्षात पाहिलेला असतो तो प्रवेशद्वारालगतचा कृष्णगिरी उपवनाचा पट्टा, निसर्ग माहिती केंद्र आणि जाळी लावलेल्या बसमधून दिसणारे सिंह व वाघ. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्यापलीकडे ठाण्याच्या हद्दीतही पसरलेले आहे, आणि तिथले प्राणी कुंपणात नाहीत. या दोन वस्तू एकाच नावाखाली कशा आल्या, हे समजल्याशिवाय सफारीविषयीचे आजचे वाद नीट कळत नाहीत.

कान्हेरीच्या लेण्यांमुळे हा डोंगर दोन हजार वर्षे माणसाच्या वावरातला आहे. ‘कान्हेरी’ हे नावही ‘कृष्णगिरी’चेच रूप मानले जाते. जंगल टिकले ते मात्र लेण्यांमुळे नव्हे आणि प्राण्यांमुळे तर नव्हेच, तर पाण्यामुळे. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी या तलावांचे पाणलोट क्षेत्र राखणे भाग होते, म्हणून भोवतालची झाडी वाचली. स्वातंत्र्यापूर्वी राखलेले क्षेत्र जेमतेम वीस चौरस किलोमीटर होते. १९६९ मध्ये लगतची राखीव वने जोडून ते आजच्या आकाराला आणले गेले. आजचे नाव १९८० च्या दशकाच्या आरंभी मिळाले, पण बोलण्यात ते फारसे रुळले नाही.

खरी गुंतागुंत ‘राष्ट्रीय उद्यान’ या शब्दापासून सुरू होते. मराठीत उद्यान म्हणजे बाग, म्हणजेच लावलेली, राखलेली आणि फिरायला खुली जागा. त्यामुळे मराठी कानाला ‘अभयारण्य’ हा शब्द अधिक कडक वाटतो आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ सैल. कायद्यात नेमके उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात काही जुने हक्क आणि गुरे चारणे नियमांच्या चौकटीत चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात मात्र चराई बंद आणि हक्क संपुष्टात. तत्कालीन मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांसाठी १९५० मध्ये वेगळा कायदा केला, तेव्हा शहरवासीयांच्या विरंगुळ्याची कल्पना त्या शब्दातच मुरलेली होती. नंतर कडक अर्थ आला, पण जुना सैल अर्थ गेला नाही. दोन्ही एकाच प्रवेशद्वारातून आत राहिले. या गोंधळाची किंमत सर्वांनी सारखी मोजली असे म्हणता येत नाही. सहलीला येणाऱ्याला ‘उद्यान’ मिळाले, आणि वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजणाऱ्या वारली पाड्यांना ‘राष्ट्रीय’ या शब्दामागचा कायदा. अतिक्रमणे हटवण्याविषयीचा उच्च न्यायालयाचा १९९७ चा आदेश जंगलाच्या दृष्टीने आवश्यक होता हे मान्य केले, तरी अतिक्रमणातली झोपडी आणि आदिवासींचा जुना पाडा यांतला फरक त्यानंतरच्या चर्चेत वारंवार पुसला गेला.

‘सफारी’ची गोष्ट याहून विचित्र आहे. हा स्वाहिली शब्द अरबी ‘सफर’वरून आला, म्हणजे आपल्या ‘सफर’चा तो भाऊबंदच, अर्थ प्रवास. आफ्रिकेत प्राणी मोकळे असतात आणि माणूस त्यांच्या मुलखातून प्रवास करतो. बोरिवलीत १९७० च्या दशकाच्या मध्यात सिंहांची आणि १९९८ मध्ये वाघांची सफारी सुरू झाली, तेव्हा प्रवास काही मिनिटांचा उरला आणि मुलूख कुंपणाएवढा. सिंह हा या डोंगरातला प्राणी नाही. भारतात मोकळा सिंह फक्त गुजरातेत आहे. बंदिस्त प्राणी लोकांना दाखवण्याची जागा कायद्याच्या व्याख्येत प्राणिसंग्रहालयच ठरते. सहलीला आलेल्या मुलाला मात्र आपण जंगल पाहिले असेच वाटते, आणि त्याची ही समजूत दूर करण्याची घाई आजवर कोणी दाखवलेली नाही.

या जंगलाचा खरा धनी बिबट्या आहे. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी माणसांवरचे हल्ले वाढले, तेव्हा बिबटे पकडून पिंजऱ्यात ठेवण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबला गेला. त्याआधी इतरत्र पकडलेले बिबटे या जंगलात सोडले जात होते, ही बाब पुढे अभ्यासकांनी ठळकपणे मांडली: अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी ताण वाढवतो. २०११ मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी अशा स्थलांतराला उपाय मानणे नाकारले. २०१५ च्या पाहणीत या उद्यानात व परिसरात सुमारे ३५ बिबटे नोंदले गेले. हे शेजारी दिवसा दिसत नाहीत म्हणून त्यांच्या वाट्याला कुतूहलापेक्षा भीतीच अधिक आली.

गेल्या काही वर्षांत ‘सफारी’ हा शब्द थेट न्यायालयात पोहोचला आहे. वनसंवर्धन कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनजमिनीवर शासनाच्या मालकीचे प्राणिसंग्रहालय किंवा सफारी उभारणे हा ‘वनेतर वापर’ मानायचा नाही असे ठरवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन अशा प्रकल्पांना आपली पूर्वपरवानगी बंधनकारक केली. पुढच्याच महिन्यात उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाविषयीच्या निकालात, व्याघ्र प्रकल्पातील सफारीसाठी प्राणिसंग्रहालयातून वाघ आणण्याची केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतली २०१९ ची मुभा न्यायालयाला मान्य झाली नाही. त्याच परिसरातले जखमी किंवा पोरके वाघ ठेवण्याची २०१६ च्या सूचनांतली भूमिका मात्र त्याने उचलून धरली. बोरिवली व्याघ्र प्रकल्प नसल्यामुळे हा निकाल तिथे थेट लागू होत नाही. २०२२ च्या अखेरीस बोरिवलीतून वाघांची जोडी गुजरातेत गेली आणि बदल्यात सिंहांची जोडी आली; त्या देवाणघेवाणीचे नियम प्राणिसंग्रहालयांचे होते, राष्ट्रीय उद्यानाचे नव्हेत.