टेक द हाय रोड

टेक द हाय रोड ही स्कॉटलंडमधील तेवीस वर्षे चाललेली आणि आता बंद झालेली दूरचित्रवाणी मालिका. ग्लासगोच्या स्कॉटिश टेलिव्हिजन (एसटीव्ही) या कंपनीने ती काढली. पहिला भाग १९ फेब्रुवारी १९८० रोजी दाखवला गेला आणि शेवटचा २७ एप्रिल २००३ रोजी. १९९४ मध्ये नावातले पहिले दोन शब्द गळाले आणि ती नुसती ‘हाय रोड’ झाली. एकूण भाग दीड हजारांच्या वर गेले. मूळ कल्पना पटकथाकार डॉन हॉटन यांची. कथानक ग्लेनडॅरख नावाच्या काल्पनिक गावात घडते. जमीनदाराचा वाडा, त्याची कुळे, एक दुकान, एक चर्च आणि या सगळ्यांच्या पाठीमागे पसरलेले तळे, एवढाच त्या गावाचा पसारा.

नाव लॉख लोमंड या तळ्यावरच्या प्रसिद्ध लोकगीतातून घेतले आहे. त्या गीतात दोन वाटा आहेत, वरची, म्हणजे ‘हाय रोड’, आणि खालची. रूढ समजुतीप्रमाणे गीत १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतरचे, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या उठावानंतरचे आहे. इंग्रजांच्या कैदेतल्या दोन सोबत्यांपैकी एक सुटून वरच्या वाटेने चालत घरी जाणार, दुसरा फासावर जाऊन खालच्या, म्हणजे मृतांच्या वाटेने त्याच्या आधी पोहोचणार. दुपारच्या चहाबरोबर बघायच्या मालिकेला इतक्या करुण गीतातून नाव मिळावे ही गंमतच आहे. अर्थात लोकांच्या तोंडी असलेली चाल एवढा हिशेब करत नाही.

मालिकेच्या जन्माची गोष्ट तिच्या स्वभावाचा बराच उलगडा करते. त्याआधी, १९७६ ते १९७९ या काळात, एसटीव्ही ‘गार्नक वे’ नावाची मालिका दाखवत होती. तीही हॉटन यांचीच. ती ग्लासगो आणि एडिंबरो यांच्या दरम्यानच्या, कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या एका गावाची होती. काळीसावळी, कष्टकरी, हवापाण्यासाठी कोणी जाणार नाही अशा मुलखातली. पण आयटीव्ही हे ब्रिटनमधल्या प्रादेशिक दूरचित्रवाणी कंपन्यांचे जाळे होते, एसटीव्ही त्यातलीच एक, आणि मालिका देशभर जायची तर इतर कंपन्यांनी ती घ्यायला हवी होती. त्यांना खाणकामगार नको होते. स्कॉटलंड दाखवायचा तर डोंगर, तळी, धुके असलेला दाखवा, असा त्यांचा कल होता. म्हणून गार्नक वे बंद झाली, तिच्यातले काही कलाकार तळ्याकाठी आले आणि ग्लेनडॅरख वसले. म्हणजे ज्या गावाच्या आठवणीने पुढे स्कॉटिश माणसे हळवी झाली, ते मुळात इंग्लंडमधल्या प्रेक्षकाला आवडावे म्हणून मांडलेले होते. या नोंदीत इतर काही राहून गेले तरी चालेल, पण हे सुटता कामा नये.

ग्लेनडॅरख म्हणजे गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत ओकच्या झाडांची दरी. पडद्यावर दिसे ते खरे गाव मात्र लस, लॉख लोमंडच्या पश्चिम काठावरचे. हे तळे क्षेत्रफळाने ग्रेट ब्रिटनमधले सर्वांत मोठे, सुमारे ७१ चौरस किलोमीटर. पलीकडच्या काठावर ९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड. गावातली दगडी, बैठी, फुलझाडांनी मढलेली घरे पूर्वी पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या आणि कापसाच्या गिरणीतल्या मजुरांसाठी बांधली होती. म्हणजे खाणकामगार नकोत म्हणून निवडलेल्या गावातही पाया खाणकामगारांचाच निघाला. जमीनदाराच्या वाड्यासाठी तळ्याच्या दक्षिण काठावरची रॉस प्रायरी ही स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाची वास्तू वापरली.

भूगोलाची एक खोच जाणकारांच्या लक्षात येते. मालिकेत ‘क्रॉफ्टर’ आहेत; क्रॉफ्टर म्हणजे छोटा तुकडा कसणारे, चार मेंढ्या राखणारे डोंगरी कूळ. अशा कुळांना जमिनीवरून हुसकावता येऊ नये म्हणून १८८६ मध्ये कायदा झाला, पण तो उत्तर आणि पश्चिमेकडच्या ठरावीक परगण्यांपुरता होता. लस ज्या डनबार्टनशरमध्ये येत असे तो परगणा त्या यादीत नव्हता. हायलँड्सची, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखाची, भूगर्भीय सीमा लॉख लोमंडच्या दक्षिण भागातल्या बेटांवरून जाते, त्यामुळे लस डोंगराळ प्रदेशात मोडते हे खरे, पण जेमतेम उंबऱ्याच्या आत. चित्रीकरणाची गाडी ग्लासगोहून तासाभरात पोहोचायला हवी आणि दृश्य मात्र दूरच्या हायलँड्सचे दिसायला हवे, या दोन गरजांची गाठ तिथे पडली.

सुरुवातीच्या वर्षांचा कणा एलिझाबेथ कनिंगहॅम ही जमीनदारीण होती. ही भूमिका एडिथ मॅकआर्थर यांनी केली. शिस्तीची, खानदानी, पण कर्जाने वाकलेली इस्टेट सांभाळताना हात आखडलेली बाई. मोठा वाडा, गळके छप्पर आणि विकायला काढावी लागणारी जमीन हे स्कॉटलंडच्या जमीनदारीचे वास्तव तिच्यामुळे हलक्या हाताने का होईना, पण दिसले. ही व्यक्तिरेखा गेल्यावर काही काळाने इस्टेट सर जॉन रॉस-गिफर्ड यांच्या हाती आली आणि कथेचा सूर बदलला. जमीनदार आणि कुळे यांच्या मधला माणूस म्हणजे ‘फॅक्टर’, आपल्याकडच्या भाषेत इस्टेटीचा दिवाणजी. मालकाच्या वतीने खंड वसूल करणारा आणि म्हणून सगळ्यांचा रोष ओढवून घेणारा. स्कॉटिश इतिहासात या पदाला जी वाईट कीर्ती आहे तिचा मालिकेने भरपूर फायदा घेतला.

गावाची खरी कचेरी म्हणजे दुकान. ते इझाबेल आणि ब्रायन ब्लेअर हे जोडपे चालवी. इझाबेल झालेल्या आयलीन मॅकॅलम गार्नक वेमधूनच इकडे आल्या होत्या. सामान घ्यायला कोण आले, कोणाला कसले पत्र आले, कोण कोणाशी बोलेनासे झाले, हे सगळे त्या फळीवर ठरे. डूगल लाखलन आणि त्याची आई ग्रेस हे क्रॉफ्टर घराणे. शेतकरी टॉम कर याला मात्र कोणी टॉम म्हणत नसे. तो ‘इनव्हरडॅरख’, म्हणजे त्याच्या शेताचे नाव तेच त्याचे नाव. ही लेखकांची क्लृप्ती नाही, स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातली जुनी रीत आहे. माणसे येतात-जातात, शेत राहते, म्हणून हाक शेताच्या नावाने. जॉन स्टाल यांनी ही भूमिका इतकी वर्षे केली की रस्त्यात भेटणारी माणसे त्यांनाही त्याच नावाने ओळखत.

आणि मिसेस मॅक. मालिकेतले दुसरे काही आठवत नसलेल्यालाही मिसेस मॅक आठवते. ग्विनेथ गथ्री यांनी रंगवलेली ही बाई चर्चला नेमाने जाणारी, ओठ घट्ट मिटलेली, दुसऱ्याच्या वागणुकीवर सदैव नजर ठेवणारी आणि जे दिसले ते सांगितल्याशिवाय चैन न पडणारी. तिचा चोंबडेपणा पापभीरूपणाचे सोवळे नेसून येई. आपण बोलतो ते गावाच्या भल्यासाठी, अशी तिची मनोमन खात्री होती आणि विनोद त्या खात्रीत होता. स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाच्या, वळणात वाढलेल्या प्रत्येकाला अशी एक मावशी किंवा शेजारीण होतीच. चाळीत वाढलेल्या मराठी वाचकालाही तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. तिच्या तावडीत नेहमी सापडणारे, तितकेच काटेकोर आणि किंचित भित्रे मिस्टर मर्डक हे पात्र रॉबर्ट ट्रॉटर यांनी केले. या दोघांचे प्रसंग मालिकेच्या लेखनातला सर्वांत पक्का भाग आहेत. प्रेमप्रकरणे आणि अपघात कोणत्याही मालिकेत सापडतात.

मालिकेची आठवण ठिकाणाप्रमाणे वेगळी आहे, याचे कारण आयटीव्हीची रचना. प्रत्येक प्रदेशाची कंपनी वेगळी आणि वेळापत्रकही वेगळे. स्कॉटलंडमध्ये मालिका संध्याकाळी, घरातली सगळी माणसे जमल्यावर लागे. इंग्लंडमध्ये ती बहुतेक ठिकाणी दुपारची होती. त्यामुळे तिथे ती आठवते ती निवृत्त लोकांना, गृहिणींना आणि ताप आला म्हणून शाळेला दांडी मारून आजीकडे पडून राहिलेल्या मुलांना. १९९३ मध्ये देशभरच्या सामायिक वेळापत्रकातून ती काढण्यात आली. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, काही प्रादेशिक कंपन्यांनी ती पुढे चालू ठेवली, पण प्रत्येकीने आपापल्या गतीने. एका प्रदेशात मेलेले पात्र शेजारच्या प्रदेशात अजून चहा पीत बसलेले असे. एका प्रेक्षकाचे ग्लेनडॅरख दुसऱ्याच्या ग्लेनडॅरखशी पुरते जुळत नाही ते यामुळेच.

समीक्षकांनी मालिकेकडे कौतुकाने पाहिले नाही. स्कॉटिश साहित्यात ‘केलयार्ड’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ परसातला भाजीचा वाफा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक, शाळामास्तर आणि भाबडे गावकरी यांच्या गोडगोड गोष्टी लिहिणाऱ्यांना तो चिकटला. १९८० च्या दशकात, कारखाने आणि खाणी धडाधड बंद होत असताना, पडद्यावर तळ्याकाठचे गाव दाखवणे म्हणजे तोच वाफा पुन्हा खणणे, हा आक्षेप खोटा नव्हता. मात्र त्यातून एक बाजू निसटते. लंडनला न जाता स्कॉटिश नटांना, लेखकांना, तंत्रज्ञांना वर्षानुवर्षे पगार देणारे काम फार थोडे होते आणि त्यातले एक हे. अभिनेता ॲलन कमिंग तरुणपणी इथे लाकूडतोड्या जिम हंटर म्हणून दिसला. पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजलेले पीटर मे यांनी इथे पटकथा लिहिण्याचा आणि संपादनाचा सराव केला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘माखर’ या गेलिक भाषेतल्या मालिकेमागेही तेच होते. खाणीच्या गावाची मालिका बंद पाडून मिळालेला हा रोजगार आहे, हे विसरायचे नाही. पण रोजगार खरा होता.

शेवट फारसा गाजावाजा न होता आला. अखेरच्या वर्षांत मालिका आठवड्यातून एकदाच लागे. सप्टेंबर २००२ मध्ये बीबीसी स्कॉटलंडने ग्लासगोच्या काल्पनिक शिलडिंच वस्तीवर बेतलेली ‘रिव्हर सिटी’ सुरू केली आणि शहर, गोदी आणि गार्नक वेबरोबर गेलेले मजूर हे सगळे पडद्यावर आले. काही महिन्यांत ग्लेनडॅरखचे दिवे मालवले. त्याआधी, फेब्रुवारी २००३ मध्ये, एका कायद्याला राजमान्यता मिळाली होती. स्कॉटलंडच्या नव्या संसदेने जमीन सुधारणा कायदा केला आणि क्रॉफ्टरांच्या गावांना आपली जमीन जमीनदाराकडून विकत घेण्याचा हक्क दिला. ग्लेनडॅरखच्या कुळांनी तेवीस वर्षे दुकानाच्या फळीवर टेकून ज्यावर कुरबुर केली, तो प्रश्न संसदेने त्या कथेच्या शेवटच्या भागाआधी दोन महिने हाती घेतला. एका अर्थी मालिकेचा विषयच निकालात निघायला लागला होता.

सुरुवातीचे भाग नंतर एसटीव्हीने इंटरनेटवर ठेवले. आज ते पाहताना संथपणा प्रथम जाणवतो. माणूस दारातून येतो, टोपी काढतो, हवेबद्दल बोलतो, चहा नाकारतो, मग घेतो, आणि मग ज्यासाठी आला ते सांगतो. लसमध्ये अजून बसगाड्या थांबतात, आणि वयस्क प्रवासी धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ब्लेअरांचे दुकान कोणते असेल याचा अंदाज बांधत उभे राहतात. मालिकेत ग्लेनडॅरखचे म्हणून दिसणारे चर्च मात्र शोधावे लागत नाही. ते १८७५ साली बांधलेले आहे, संत केसॉग यांच्या नावाचे आहे, आणि रविवारी तिथे प्रार्थना होते.