तान्ह्या बाळाचे पोट आणि आमचे दही

बाळाला दही केव्हापासून द्यावे आणि त्याने प्रतिकारशक्ती वाढते का, असे आमच्या डेअरीत येणाऱ्या आया आणि आज्या नेहमी विचारतात, म्हणून हे पत्रक काढले आहे.

जन्माच्या वेळी बाळाला आईकडून पहिले जिवाणू मिळतात आणि त्याच्या आतड्यातली ही वस्ती पुढे साधारण तीन वर्षे घडत राहते. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला स्वतः पचवता येत नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचे खाद्य आहेत. त्या खाऊन हे जिवाणू जी आम्ले तयार करतात, त्यांमुळे रोगजंतूंना पोटात बस्तान बसवणे अवघड जाते, आणि कोणाशी लढायचे व कोणाला राहू द्यायचे हे आतड्यातल्या संरक्षक पेशी याच काळात शिकतात. प्रसूतीनंतरच्या पिवळसर चिकात आयजीए ही रोगजंतूंना अडवणारी प्रतिपिंडे भरपूर असतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. मग बाळाच्या हक्काचा चीक पिळून टाकू नये, ही कळकळीची विनंती.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. घुटी नको, वैशाखातही वरचे पाणी नको आणि आमचे दहीही नको. मध तर वर्षभर चाटवू नये, कारण त्यातून तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

ओडिशातील खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचा एक निवडक प्रकार विशिष्ट शर्करेसह सात दिवस दिल्यावर, गंभीर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. परंतु ती मोजून दिलेली मात्रा होती, दही नव्हते. त्या अभ्यासाच्या नावावर आम्ही आमचे दही विकणार नाही. दह्यातले बहुतेक जिवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत.

सहा महिन्यांनंतर मात्र ताजे, अदमुरे दही मऊ भातात किंवा शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांत चमचाभर कालवून द्यावे. अंगावर गांधी उठल्या तर थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आम्ही दूध उकळून रात्री विरजण लावतो, तरी उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबते, म्हणून बाळासाठी सकाळीच न्यावे. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळेच टाकून द्यावे, पैसे परत मिळतील.

साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक आणू नये. सर्दीच्या विषाणूंवर ते चालत नाही आणि पोटातले उपयोगी जिवाणू मात्र मरतात. हगवण लागल्यास दह्यावर विसंबू नये. अंगावरचे दूध चालू ठेवून आशाताईंकडून ओआरएस व झिंकच्या गोळ्या घ्याव्यात, आणि शौचात रक्त दिसले किंवा बाळ मलूल पडले तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.