कुंडीच्या तळाशी खडी टाकल्याने पाणी नीट निचरत नाही, उलट अडकतं

कुंडीत झाड लावायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, तळाला खडी नाहीतर विटांचे तुकडे टाका म्हणजे पाणी पटकन निघून जाईल. नवीन लोक हे मनापासून करतात आणि मग मुळं कुजली की स्वतःलाच दोष देतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

होतं असं की मातीची बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि खडीतल्या मोठ्या पोकळीत ते सहज उतरतच नाही, खडीच्या लगेच वरची माती तुडुंब भिजली की मगच खाली टपकायला लागतं. म्हणजे तळाशी असणारा चिखलाचा थर गेला नाही, फक्त वर सरकला, थेट मुळांपाशी!

ओला स्पंज आडवा धरा, टपकणं थांबलं की उभा करा, अजून पाणी गळेल, कारण उंची वाढली. उंच कुंडी बरी ती ह्याचसाठी, आणि खडी भरून आपण तीच उंची कमी करतो.

त्यापेक्षा भोकं मोकळी ठेवा, माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा पुरे, आणि परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) टाकायचं तर सगळ्या मातीत मिसळून टाका, थर नको.