एम्युलेटर कायदेशीर, मग युझू बंद का पडला?

26 फेब्रुवारी 2024 रोजी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकी शाखेनं ऱ्होड आयलंडच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. दावा होता ‘युझू’ या एम्युलेटरच्या, म्हणजे एका यंत्राचे प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, निर्मात्यांवर. युझूमुळे निन्टेन्डो स्विच या कन्सोलचे, म्हणजे खास गेम खेळण्यासाठीच्या यंत्राचे, गेम साध्या पीसीवर खेळता येत. आठवडाभरात तडजोड झाली: निर्मात्यांनी 24 लाख डॉलर द्यायचे आणि युझू बंद करायचा. निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस या जुन्या कन्सोलसाठीचा ‘सिट्रा’ हा एम्युलेटरही त्याच तडाख्यात गेला.

यात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की एम्युलेटर बनवणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. 1999 मध्ये कनेक्टिक्स कंपनीनं मॅकवर सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर आणलं. स्टीव्ह जॉब्सनं ते भर मंचावरून दाखवलं. सोनीनं लगोलग खटला भरला आणि 2000 साली अपील कोर्टात तो हरली. कन्सोल कसा चालतो हे उकलून पाहणं आणि त्यावरून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणं कॉपीराइट कायद्यानं मुभा दिलेल्या ‘रास्त वापरात’ (फेअर यूज) बसतं, असं कोर्टानं म्हटलं. (पुढे सोनीनं तो प्रोग्रॅमच विकत घेऊन टाकला. कोर्टात हरलं तरी बाजारात जिंकता येतं.)

मग 24 वर्षांत बदललं काय? त्यासाठी एम्युलेटरच्या पोटात शिरावं लागेल.

स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स-1 चिप आहे. तिचा प्रोसेसर एआरएम घराण्यातला, तर आपल्या पीसीतला बहुधा एक्स-86. एकाच्या सूचना दुसऱ्याला कळत नाहीत. एम्युलेटर इथं दुभाष्याचं काम करतो. गेम चालू असतानाच तो सूचनांचे तुकडे उचलतो, पीसीला समजतील अशा सूचनांमध्ये उतरवतो आणि पुन्हा लागतील म्हणून साठवून ठेवतो. पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, यांचंही तसंच. शिवाय गेम कन्सोलच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे सतत काही ना काही मागत असतो: अमुक फाइल दे, तमुक आवाज वाजव, कुठलं बटण दाबलंय ते सांग. या सगळ्या मागण्या पुरवणारा कोड एम्युलेटरवाल्यांना स्वतः लिहावा लागतो. काम अफाट चिकाटीचं असतं, आणि इथवर कायद्याला फारसं काही म्हणायचं नसतं.

खरी अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. स्विचचा गेम एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेला असतो आणि तो उलगडणाऱ्या किल्ल्या कन्सोलमध्ये असतात. युझूबरोबर या किल्ल्या मिळत नसत, वापरणाऱ्यानं त्या आणून द्यायच्या. पण एकदा दिल्या, की गेम उलगडायचं काम युझू करायचा. निन्टेन्डोनं नेमकं इथंच बोट ठेवलं. 1998 च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप चुकवणं, आणि प्रामुख्यानं त्यासाठीच बनवलेलं साधन लोकांना पुरवणं, दोन्ही बेकायदा आहे. ‘डॉल्फिन’ या एम्युलेटरच्या तर कोडमध्येच निन्टेन्डोच्या वी या कन्सोलची किल्ली होती. तो स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात येणार असं जाहीर झालं, तेव्हा 2023 च्या मे महिन्यात निन्टेन्डोनं स्टीमच्या मालकांना पत्र पाठवलं आणि बेत बारगळला.

पण कायद्याचा मुद्दा हाताशी आहे म्हणून कोणी एवढा खर्च करत नाही. मूळ दुखणं पैशाचं आहे. कन्सोलच्या धंद्यात खरी कमाई गेममधून होते, आणि दुसऱ्या कंपन्या त्या कन्सोलसाठी गेम काढतात त्यावरही शुल्क मिळतं. ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ हा निन्टेन्डोचा गेम 12 मे 2023 ला बाजारात यायचा होता. तो आधीच फुटला, आणि अधिकृत विक्रीपूर्वी दहा लाखांहून जास्त वेळा बेकायदा डाउनलोड झाला, असा निन्टेन्डोचा दावा होता. त्यातून चांगल्या पीसीवर तोच गेम स्विचपेक्षा जास्त सफाईदार चालवता येतो. तेव्हाच्या चालू पिढीच्या कन्सोलला असा प्रतिस्पर्धी उभा राहिला, तोही आपल्याच गेमवर, तर कंपनीला झोप कशी लागणार? युझूच्या निर्मात्यांना चाहत्यांकडून दरमहा वर्गणी मिळत होती, त्यानं त्यांची बाजू आणखी लंगडी केली.

निन्टेन्डोची चीड मला समजते, तिचा सरसकटपणा मात्र पटत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 मधल्या पाहणीनुसार, 2010 पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. ते जिवंत ठेवायचे तर एम्युलेटरला पर्याय नाही. हे निन्टेन्डोलाही ठाऊक आहे. 2016 मध्ये तिनं 30 जुन्या गेमसह विकलेल्या इवल्याशा ‘एनईएस क्लासिक’ या कन्सोलच्या (एनईएस या तिच्या जुन्या कन्सोलची छोटी आवृत्ती) आत एम्युलेटरच होता.

युझूच्या प्रकरणात कोर्टाला दोन्ही बाजू ऐकून निवाडा द्यायची वेळच आली नाही. त्यामुळे वापरणाऱ्यानं स्वतःच्या विकत घेतलेल्या कन्सोलमधून किल्ली काढून दिली, तर एम्युलेटर दोषी ठरतो का, हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘र्‍युजिन्क्स’ हा स्विचचा दुसरा मोठा एम्युलेटरही निन्टेन्डोनं संपर्क साधल्यावर बंद झाला, तोही खटल्याविना. एनईएसच्या कार्ट्रिजवरचा, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीतला डेटा मात्र एन्क्रिप्ट केलेलाच नसे. त्यामुळे त्या काळच्या कन्सोलांच्या एम्युलेटरवर हा किल्लीचा मुद्दा लावताच येत नाही. तिथं निन्टेन्डोचा रोख गेमच्या प्रती फुकट वाटणाऱ्या साइटांवर असतो.